खोटी ओ

साल दोन हजार तेवीस. त्या उन्हाळ्यात त्रिंबकला लकवा आला, उजवं अंग आणि वाचा दोन्ही गेली. जन्मभर ऊस तोडलेला माणूस चौसाळ्याच्या घरात खाटेला लागला.

लेक रोहिणी पुण्याच्या कंपनीचं काम घरूनच करायची. तिनं त्याच्या डाव्या हाताशी बिनतारी बटणांची छोटी पाटी ठेवली. बटण दाबलं की कॉम्प्युटरला कळे आणि स्वयंपाकघरात घंटी वाजे. पाटी स्वस्तातली, तिचा ड्रायव्हर, म्हणजे पाटीला कॉम्प्युटरशी जोडणारा प्रोग्राम, रोहिणीनंच लिहिला. पडद्यावर हिरवा ठिपका असला की पाटी चालू, एवढं तिनं आईला शिकवलं.

सुरुवातीला घंटी सारखी वाजायची. "फडात कधी पाणी मागितलं न्हाई, आता बसल्या जागी हुकूम व्हय?" भिवराबाई नवऱ्याला हसून म्हणायची. पुढं घंटी कमी झाली, मग वाजेचना. ठिपका मात्र रोज हिरवा. भिवराबाईला हायसंच वाटलं.

एकदा ती तांब्या घेऊन आली, तर त्रिंबकचं बोट बटणावर. त्यानं दाबलं. स्वयंपाकघर गप्प. तिच्याकडं न बघता त्यानं हात गोधडीखाली ओढून घेतला.

रोहिणीनं तपासलं आणि डोक्याला हात लावला. "आई, सेल उतरला की पाटी जागी होत न्हाई. तवा ड्रायव्हरनं उणे आकडा परत द्यायला पायजे, मग ठिपका लाल होतो. मी काय बी झालं तरी शून्यच परत दिला. शून्य म्हंजी सगळं ठीक."

"म्हंजी खोटी ओ," भिवराबाई म्हणाली.

दाट उसात माणसाला माणूस दिसत नाही. हाळी आली की ओ द्यायची, आणि येता येत नसेल तर तसं ओरडून सांगायचं, ही त्रिंबकचीच शिकवण. नव्या नवरीच्या लाजेनं ती एकदा गप्प राहिली, तर तो दिवसभर बोलला नव्हता.

दुरुस्ती चार ओळींची निघाली. ठिपका लाल झाला, सेल बदलले, घंटी खणखणली.

"दादा, दाबा की," रोहिणीनं बापाचं बोट बटणावर ठेवलं. बोट नुसतं पडून राहिलं.

त्यानं पुन्हा काही मागितलं नाही. पौषात तो गेला, तेव्हा गावातल्या ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्यावर होत्या. खांद्याला माणसं बाजारातून बोलवावी लागली. रोहिणी आता पुण्यात असते. दुसऱ्याचं काम तपासताना नकाराचा उणे आकडा कुठं बुडतो ते ती आधी बघते. लई कडक बाई म्हणतात तिला. भिवराबाई भाकरी थापता थापता मधेच "ओ" म्हणते. शेजारची मनकर्णा विचारते, "कुणाला गं?"

ती भाकरी उलथते.