पत्रकारिता, आणि वर एक वर्ष

शेअरधारकांच्या सभांचा हंगाम सुरू झाला की सूयुनच्या सासूबाईंचे गुडघे दुखायचे थांबत. एरवी कोथिंबिरीची जुडी आणायलाही सुनेला पिटाळणाऱ्या त्या मे महिन्यात मात्र पिशवी घेऊन आधीच दाराशी उभ्या असत. कुठल्या कुठल्या कंपन्यांचे एकेक-दोनदोन शेअर त्यांनी जमवून ठेवले होते, पण नफ्यासाठी नव्हे. सभेची सूचना घरी येते, तिच्यावर नावाचा शिक्का मारून दुकानात दिली की आपलं मत दुसरं कोणीतरी देतं आणि आपल्या हाती भेटवस्तू पडते, एवढ्यासाठी. घरातले टॉवेल, वाडगे, साबण सगळे असेच आलेले.

आज पंख्यांच्या कंपनीची कढई होती. बानछिआओ भागातल्या एका बोळातल्या दुकानापुढे रांग कोपऱ्यावरून वळली होती. सूयुन आपल्या बाळाला, पाओपाओला, कडेवर घेऊन उभी होती. त्याला दात येत होते, आणि दात त्याला येत असले तरी डोळे हिचे सुजले होते. पत्रकारितेच्या जोडीला वित्त हा दुसरा मुख्य विषय घ्यायचा की नाही, हे कॉलेजला कळवायची मुदत आज संध्याकाळी संपत होती. बाळंतपणात एक वर्ष आधीच गेलं होतं. दोन्ही विषय म्हणजे आणखी एक वर्ष, आणि त्या वर्षात पोराला सांभाळणार कोण, तर रांगेत पुढे उभ्या असलेल्या ह्याच बाई. नवरा दूर सिंचू शहरात, कारखान्यात पाळीवर. त्याने फोनवर हात झटकले होते, "आईला विचार. तिचं हो ते माझं हो." महिना झाला तरी सूयुनची जीभ रेटली नव्हती.

"काय गं, सून पेपरवाली होणार म्हणे तुझी?" मागून फळवाल्या अ-ग्वेई मावशींनी सासूबाईंना छेडलं. "पेपर वाचतं कोण आता? मला लागतात ते पेरूखाली अंथरायला."

"शिकतेय ती, शिकू दे. तू आधी कढईला झाकण आहे का ते विचार."

"झाकण! झाकण दिलं तर कंपनी बुडेल." मावशींनी आपल्याकडची सूचना सूयुनच्या नाकासमोर धरली. "हे काय लिहिलंय बघ गं. भांडवल कमी करणार म्हणे. म्हणजे काय करणार?"

मावशींचे शेअर काही कढईपुरते नव्हते. नवरा गेला तेव्हा मागे राहिलेली तीच एक पुंजी होती. सूयुनला वर्गातला एक तास आठवला. कंपनीकडे पैसा जास्त झाला की ती शेअर कमी करते आणि तेवढे पैसे लोकांना परत देते, असं काहीतरी सरांनी सांगितलं होतं.

"पैसे परत देणार आहेत, मावशी."

बस्स, एवढंच ती बोलली. पण रांगेला तेवढं पुरलं. वाक्य पुढे गेलं, मागे गेलं, कोपऱ्यावरून वळून परत आलं तेव्हा पैसे दुप्पट झाले होते. एकजण म्हणाली, आता विकेल तो वेडा. मावशींनी तर मुलाला फोनच लावला. "अरे, पंख्याचे आणखी घेऊन ठेव. हो, आत्ताच. शिकलेली मुलगी सांगतेय!"

तेवढ्यात पाओपाओने सूचनेचा कागद तोंडात घातला. सूयुनने तो ओढून काढला, लाळ पुसली, आणि खालची बारीक ओळ तिला दिसली. साचलेला तोटा भरून काढण्यासाठी चाळीस टक्के कपात.

"मावशी, थांबा. चुकलं माझं. पैसे मिळणार नाहीयेत. कंपनीला तोटा झालाय. शंभर शेअर असतील तर साठच राहतील."

"आणि चाळीसांचे पैसे?"

"ते आधीच गेलेत. आता फक्त कबूल करताहेत."

"मघाशी देणार होते, आता बुडाले? एवढ्यात?"

सूयुन रांगेच्या कडेने तेच सांगत निघाली. ऐकायला कुणी तयार नव्हतं. "ए, मध्ये घुसू नकोस!" एक आजोबा खेकसले. दुसरी म्हणाली, "चांगलं तेवढं सांगावं बाई, सकाळच्या पारी." पोर कडेवर रडत होतं. कोपऱ्यापर्यंत जाऊन ती परत आली तेव्हा मावशी पुन्हा फोनवर होत्या. "थांब रे, घेऊ नकोस. अजून ठरत नाहीये पेपरवालीचं."

कढई मिळाली. झाकण नव्हतं. सासूबाई ती पिशवीत कोंबून बसथांब्याकडे निघाल्या. बाकावर बसल्यावर त्यांनी पोराला आपल्याकडे घेतलं. सूयुनने रिकाम्या हातांकडे पाहिलं आणि आता नाही तर कधीच नाही, असं वाटून म्हणाली, "आई, एक विचारायचं होतं."

"तो पैशांचा विषय ना?"

"तुम्हाला कुणी..."

"माझ्या पोरानं फोनवर सांगितलं. कधीच. तुझं तोंड कधी उघडतंय ते बघत होते मी."

"मग तुम्हीच काढायचा ना विषय!"

"मी का म्हणून? हवंय तुला." त्या पाओपाओच्या पाठीवर थोपटत राहिल्या. "तो शिकलीस म्हणजे आज झालं तसं होणार नाही ना?"

हो म्हणणं सोपं होतं. पण रांगेच्या टोकापर्यंत जाऊन आल्यावर सूयुनमध्ये तेवढाही दम उरला नव्हता. "होईल, आई. चुका होतीलच. पण खालची ओळ आधी वाचेन."

"वर्षभर?"

"वर्षभर. कदाचित थोडं जास्त."

"जास्तीचं मला आत्ता सांगू नकोस." सासूबाईंनी सुस्कारा टाकला. "दिवसा सांभाळीन. गुरुवारी मी गाण्याला जाते, तो दिवस तुझा तू बघ. आणि रात्री रडला तर तुझा."

"बरं."

"बरं काय? आनंद तरी दाखव की! नाही तर घे परत तुझं पोर."

सूयुन हसली, पण हसू तोंडभर पसरेना. तिने फोन काढला. कॉलेजच्या पानावर दुसरा विषय का हवा याचं कारण मागितलं होतं. छान छान कारणं महिनाभर डोक्यात तयार होती. त्यातलं एकही तिने लिहिलं नाही. 'मी लोकांना चुकीचं सांगितलं,' एवढंच लिहिलं आणि पाठवून दिलं. अंगावरचं ओझं उतरल्यासारखं काही वाटलं नाही. पुढच्या वर्षाचे गुरुवार तेवढे डोळ्यांपुढे एकामागून एक उभे राहिले.

बस आली. पाओपाओचा नुकता डोळा लागला होता, म्हणून दोघीही उठल्या नाहीत.