मूळ कारणाचा रकाना

मी फाटक्या तोंडाची आहे, हे पॅरीज कॉर्नरच्या निम्म्या ऑफिसांना ठाऊक आहे. नवऱ्याच्या नोकरीपायी मिरजेहून चेन्नईला आले त्याला चौदा वर्षं झाली. पहिली दोन वर्षं मी शिपिंग लाइनच्या, म्हणजे जहाज कंपनीच्या, पोरांना इंग्रजीत झाडायची, आता तमिळमध्ये झाडते, आणि ते जास्त लागू पडतं. रघुराम सरांच्या फ्रेट फॉरवर्डिंग ऑफिसात मी ऑपरेशन्स बघते. घरी सासूबाईंना हे कधीच नीट समजावता आलं नाही. आमचं स्वतःचं जहाज नाही, ट्रक नाही, गोदामसुद्धा नाही. कारखानदाराचा माल परदेशी पोचवायला जहाजात जागा मिळवायची, कागद करायचे, आणि अडलं की कुणाला तरी फोन करून भांडायचं. एवढ्यावर नऊ माणसांचे पगार निघतात.

म्हणजे निघायचे. आता धंद्याचं काही खरं राहिलेलं नाही. तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाल्यापासून जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली, आणि वेळापत्रक हा फक्त वाचायचा कागद उरला. मोठ्या लाइन्स आता मोठ्या कारखान्यांना थेट वेबसाइटवर जागा विकतात, मधला माणूस त्यांना नकोय. आमच्या तंबू चेट्टी स्ट्रीटवर मी आले तेव्हा दर दोन दारांआड एक फॉरवर्डर होता. आज तिथे मोबाइलची कव्हरं विकतात. आमच्याकडे उरलेत ते छोटे कारखानदार, ज्यांना अजून फोनवर माणसाचा आवाज लागतो.

या धंद्यातली एक खोड सांगते, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. जहाजात शंभर डब्यांची, म्हणजे कंटेनरची, जागा असली तर लाइन एकशेवीस डब्यांचं बुकिंग घेते, कारण फॉरवर्डर आयत्या वेळी रद्द करतात. आणि फॉरवर्डर एका डब्यासाठी दोन जहाजांवर बुकिंग करतात, कारण लाइन आयत्या वेळी डबा मागे ठेवते. दोघंही एकमेकांना लबाड म्हणतात, आणि दोघांचंही खरं आहे. मीही दोन बुकिंग्ज करायची. रिकामा कंटेनर यार्डातून उचलायच्या वेळी एक ठेवायचं, दुसरं सोडायचं. गिऱ्हाइकाला हे सांगायची पद्धत नाही.

भीमसेनराव आमचं असंच एक गिऱ्हाईक. तंजावरकडचे मराठी, साठीचे, चेन्नईबाहेर इरुंगाट्टुकोट्टैला त्यांचा गाड्यांचे रबरी बुश बनवायचा कारखाना आहे, पस्तीस कामगारांचा. त्यांचं मराठी ऐकताना मला सुरुवातीला हसू यायचं, मग हसू आल्याची लाज वाटायला लागली. घरात जपून ठेवलेलं, तमिळची घडी पडलेलं मराठी. मला ते ‘चित्राम्मा’ म्हणतात. त्यांच्याकडे सुब्बा नावाचा डिस्पॅच बघणारा माणूस होता. पन्नाशीचा, बावीस वर्षं तिथेच. पेट्या भरणं, कंटेनरला सील लावणं, गाडी पोर्टात पाठवणं, सगळं तोच करी. माणूस इतका कमी बोलायचा की माझ्यासारखीचं त्याच्याशी भांडणच व्हायचं नाही.

अमेरिकेतली गिऱ्हाइकं तिकडे आयातकर वाढल्यावर थंडावली तेव्हा भीमसेनरावांनी खटपट करून एक जर्मन कंपनी मिळवली. पहिली ऑर्डर एक कंटेनर. वेळेवर पोचला तर पुढे वर्षभर दरमहा एक. मी सवयीने दोन बुकिंग्ज केली. छोट्या लाइनचं जहाज शुक्रवारी होतं, मोठ्या लाइनचं रविवारी. माल सोमवारीच तयार होता.

मंगळवारी मी छोट्या लाइनचं बुकिंग सोडलं. कारण सांगते. मोठ्या लाइनचा बुकिंग मॅनेजर शार्दूल माझ्यावर आधीच डूख धरून होता, त्या महिन्यात मी त्याची तीन बुकिंग्ज रद्द केली होती. चौथं केलं असतं तर पुढच्या महिन्यात आमच्या दुसऱ्या एका बड्या गिऱ्हाइकाला त्याने जागा दिली नसती. शार्दूलची मर्जी राखायला मी भीमसेनरावांचा डबा त्याच्या जहाजावर ठेवला. त्या जहाजाला उशीर होतोय, हे तोवर आमच्या सगळ्या ग्रुप्सवर आलं होतं. मी वाचलं होतं. म्हटलं, बघू.

शुक्रवारी छोट्या लाइनचं जहाज वेळेवर गेलं. रविवारचं जहाज मंगळवारी रात्री लागलं, आणि वेळ भरून काढायच्या घाईत चाळीसेक डबे धक्क्यावरच टाकून पहाटे निघून गेलं. त्यात भीमसेनरावांचा डबा होता. पुढचं जहाज अकरा दिवसांनी.

सकाळी त्यांचा फोन आला. मी त्यावेळी शार्दूलवर तोंड टाकून नुकतीच मोकळी झाले होते, डोकं तापलेलंच होतं. ते शांतपणे विचारत होते की आपलाच डबा का राहिला. आणि मी बोलून गेले की तुमची गाडी अगदी कट-ऑफला लागून आत आली, शेवटी आलेले डबे शेवटी राहतात, लाइन तरी काय करणार. कट-ऑफ म्हणजे पोर्टात डबा घ्यायची शेवटची वेळ. त्यांची गाडी त्या वेळेच्या चांगली दीड दिवस आधी आत गेली होती. माझ्या स्क्रीनवर ते दिसत होतं.

मी काही ठरवून खोटं बोलले नाही, हे म्हणायला बरं वाटतं. पण तसं पाहिलं तर आमच्या ऑफिसात अशी दहा वाक्यं तयार असतात. लाइनने मागे ठेवला, कस्टम्सची सिस्टिम बंद होती, गाडी उशिरा आली. जे जिभेवर येईल ते सोडून द्यायचं. गिऱ्हाईक दोन दिवस कुरकुरतं आणि विसरतं. भीमसेनराव कुरकुरलेसुद्धा नाहीत. “बरं, चित्राम्मा,” एवढं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

तीन आठवड्यांनी त्यांची ईमेल आली. सोबत जर्मन कंपनीला पाठवायचा अहवाल होता, आणि आमच्या सहीशिक्क्याची जागा रिकामी होती. गाड्यांच्या धंद्यात ही रीत आहे. काहीही चुकलं की गिऱ्हाईक पैसे मागायच्या आधी अहवाल मागतं. ठरलेले रकाने असतात. काय झालं, मूळ कारण काय, पुन्हा होऊ नये म्हणून काय बदललं. ‘जहाज आलं नाही’ किंवा ‘लाइनने फसवलं’ असं लिहिलेलं ते घेतच नाहीत. त्यांचं म्हणणं, जे तुमच्या हातात आहे तेच कारण लिहा, म्हणजे ते बदलता येईल.

मूळ कारणाच्या रकान्यात होतं: मालाची गाडी कारखान्यातून उशिरा रवाना झाली. बदलाच्या रकान्यात होतं: डिस्पॅच सुपरवायझर श्री. सुब्बा यांना या महिनाअखेर कामावरून कमी करण्यात येत असून नवीन नेमणूक झाली आहे.

मी ते तीनदा वाचलं.  मी बोलले ते वाक्य विरून गेलं असं मी धरून चालले होते. ते इरुंगाट्टुकोट्टैला जाऊन एका माणसाच्या पोटावर पाय देऊन बसलं होतं, आणि आता माझाच शिक्का मागत होतं.

दुसऱ्या दिवशी मी रघुराम सरांच्या केबिनमध्ये गेले आणि सगळं सांगितलं. बुकिंग, शार्दूल, फोन, सगळं. सर स्वतः तंजावरचे मराठीच, भीमसेनरावांच्या वडिलांपासूनची ओळख. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले की खरं लिहिलं तर ती जर्मन कंपनी भीमसेनला सांगेल, हा फॉरवर्डर सोड आणि आमचा ठरलेला घे. त्यांचा ठरलेला म्हणजे ती बडी परदेशी कंपनी, जिचं गिंडीला आठ मजली ऑफिस आहे. भीमसेन गेला की आपल्याकडे दरमहा नियमाने माल देणारं कुणी राहत नाही. इथे नऊ जण आहेत, तिकडे सुब्बा एक आहे. हा हिशेब मला कळत नव्हता असं नाही. मी आदल्या रात्री तोच करून बसले होते, आणि तो दर वेळी बरोबर येत होता. म्हणून तर मला झोप लागली नव्हती.

मी म्हटलं, चूक माझी आहे, हवं तर मला काढा. सर म्हणाले की तुला काढून तो अहवाल बदलत नाही. ते खरंच होतं. मग त्यांनी ड्रॉवर उघडला आणि ऑफिसचा शिक्का माझ्यापुढे सरकवला.

“घेऊन जा,” ते म्हणाले. “कुठल्या कागदावर मारायचा ते तिथे जाऊन ठरव. मला फोन करू नकोस.”

मला त्यांचा राग आला. सगळं माझ्या पदरात टाकून मोकळे झाले, असं वाटलं. बसमध्ये श्रीपेरुंबुदूरच्या रस्त्याला दोन तास बसून राहिल्यावर लक्षात आलं की त्यांनी नको म्हटलं नव्हतं. धंद्यात तीस वर्षं घालवलेल्या माणसाला याहून जास्त बोलता येत नसावं.

कारखान्यात रबराचा वास आणि प्रेसचा आवाज होता. डिस्पॅचच्या शेडमध्ये सुब्बा एका तरुण मुलीला सील कसं लावायचं ते दाखवत होता. ती विद्यालक्ष्मी, त्याच्या जागी नेमलेली. आपल्या जागेवर येणाऱ्या माणसाला तो इतक्या मनापासून शिकवत होता की माझ्याच्याने तिकडे बघवेना. त्याने मला पाहून नेहमीसारखी मान हलवली.

भीमसेनरावांनी कॉफी मागवली. मी ती घेतली नाही. बसलेसुद्धा नाही, उभ्याउभ्याच सांगितलं, नाहीतर मी मधेच वळण घेतलं असतं.

“गाडी उशिरा आली नव्हती,” मी म्हटलं. “दीड दिवस आधी आत गेली होती. मी तुमच्यासाठी दोन जहाजांवर जागा घेतली होती. शुक्रवारचं जहाज वेळेवर गेलं, ते मीच सोडलं होतं. दुसऱ्या लाइनशी संबंध बिघडू नयेत म्हणून. फोनवर मी तुमच्याशी खोटं बोलले.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. टेबलावरचा पेपरवेट उचलून दुसरीकडे ठेवला, परत पहिल्या जागी ठेवला. मी वाट बघत होते की आता ते ओरडतील. मला ओरडा हवा होता, ओरड्याला उत्तर कसं द्यायचं ते मला येतं. त्यांनी ड्रॉवरमधून एक चिठ्ठी काढली आणि माझ्यापुढे ठेवली. पोर्टाच्या गेटवर मिळणारी पावती. गाडीचा नंबर, डब्याचा नंबर, तारीख, वेळ. गुरुवार, रात्री आठ वाजून दहा मिनिटं.

“तुमचा फोन झाला त्याच दिवशी सुब्बानं ही मला आणून दिली,” ते म्हणाले. “बावीस वर्षांत पहिल्यांदा तो माझ्याशी वाद घालत होता. मी म्हटलं, अरे, गेटवरच्या मशिनची वेळ चुकू शकते. चित्राम्मा कशाला खोटं बोलेल?”

 चौदा वर्षांत मी किती लोकांना झाडलं, किती जणांना लबाड म्हटलं, आणि इथे एका माणसाने छापील पावती बाजूला सारून माझा शब्द धरला होता. डोळ्यात पाणी आलं, आणि त्याचीसुद्धा चीड आली, कारण रडायचा हक्क त्या खोलीत माझा नव्हता. मी खुर्ची ओढून बसले.

भीमसेनरावांनी सुब्बाला आत बोलावलं. त्याच्याशी ते तमिळमध्ये बोलले, हळू, मला अर्धंच ऐकू आलं. माफ कर, असं एकदा आलं. सुब्बा दाराशी उभा होता. तो म्हणाला की विद्यालक्ष्मी हुशार आहे, तिलाही ठेवा, दोघांचं काम आहे. मग माझ्याकडे वळून त्याने विचारलं की बसने आलात का, परत जायला गाडी सांगू का. मी नको म्हटलं. तो कामाला निघून गेला. त्याने मला शिवी दिली असती तर मी घरी जाऊन जेवले तरी असते.

मग आम्ही अहवाल पुन्हा लिहायला घेतला. मूळ कारणाचा रकाना मी सांगितला तसा त्यांनी भरला: वेळेवर गेलेल्या जहाजावरचे बुकिंग फॉरवर्डरने गिऱ्हाइकाला न सांगता रद्द केले. छोट्या लाइनची रद्द केल्याची ईमेल मी पुरावा म्हणून जोडायला दिली. तिच्यावर माझं नाव होतं. बदलाच्या रकान्याशी येऊन त्यांचा हात थांबला.

तिथे काय लिहायचं ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. ते म्हणाले, राहू दे, मी काहीतरी गोलमाल लिहितो, रघुरामच्या वडिलांनी माझ्या वडिलांचा पहिला डबा पाठवला होता. मी म्हटलं, गोलमाल ते घेत नाहीत, परत पाठवतील, आणि मग तुम्हाला पुन्हा एखादं नाव शोधावं लागेल.

“लिहा,” मी म्हटलं. “फॉरवर्डर बदलला.”

त्यांनी लिहिलं. मी पर्समधून शिक्का काढला आणि खाली मारला.