शिंपीदादांचं वजन

डॉक्टरांनी शिंपीदादांना स्पष्ट बजावलं होतं, वजन उतरलं नाही तर हृदयाचं काही खरं नाही. दादांनी घरी येऊन बायकोला सांगितलं, "उतरतंय." ते चढत होतं. पण ज्याच्या हाताशी शिलाई मशीन, त्याला पँट घट्ट होण्याची कसली धास्ती? स्वारी दुकानात गुपचूप कमरेची शिवण उसवायची, आत दाबलेलं कापड थोडं सोडायची आणि संध्याकाळी घरात मिरवायची, "बघ, तीच पँट!" वजनकाटा तर बिघडलाय म्हणून त्यांनी केव्हाच माळ्यावर टाकला होता.

बायको शाळेत भौतिकशास्त्राची बाई होती. एका रविवारी ती त्यांना प्रयोगशाळेत घेऊन गेली. "उद्या वर्गात संवेग दाखवायचाय. जरा तालीम करू या. बसा."

चाकांच्या दोन खुर्च्या समोरासमोर होत्या. तळव्याला तळवा टेकवून एकदम ढकलायचं, एवढंच काम. टेबलावर मोबाईल चित्रण करत होता.

"यातून काय कळणार?" दादांनी विचारलं.

"धक्का दोघांना सारखाच बसतो, वेग मात्र वेगवेगळे येतात. त्यावरून कळतं, कोण कोणाच्या किती पट जड."

जड ट्रकची धडक जोरदार असते, हे त्यांनी उघड्या डोळ्यांनी पाहिलेलं. म्हणजे जो जोरात जाईल तोच जड, असा दादांनी मनाशी हिशेब मांडला. आपण हळूच जायचं, बस्स.

"एक, दोन, तीन!"

बाई भुर्रकन मागे गेल्या आणि भिंतीपाशी थांबल्या. दादांनी चपला फरशीला अशा घासल्या की खुर्ची जेमतेम सरकली. मनातल्या मनात त्यांनी स्वतःची पाठ थोपटली.

बाईंनी चित्रण पाहिलं आणि गंभीर चेहरा केला. "अहो, तुम्ही माझ्या चौपट भरताय."

"चौपट? मी तर हललोसुद्धा नाही!"

"म्हणूनच. धक्का सारखा, तर जड असतो तोच हळू जातो."

"काहीतरीच! मी काय हत्ती आहे? ब्याण्णव किलो फक्त! परवाच माळ्यावरच्या काट्यावर…" दादांनी जीभ चावली.

बाई खो खो हसल्या. "चपला घासताना दिसत होत्या हो मला. त्या घासल्या नसत्या, तर खरा आकडा तुमच्या तोंडून निघाला नसता, मी बिचारी आकडेमोड करत बसले असते." मग त्यांनी मोबाईल बाजूला ठेवला. "तुम्ही जिना चढता ना, तेव्हा मी वर कान देऊन बसते. मध्येच थांबलात की माझा जीव खाली येतो तुमच्याकडे. आणि तुम्ही दारात येऊन म्हणता, उतरतंय."

आपण हिला फसवू शकलोच नव्हतो, नुसतं एकटीला घाबरायला लावत होतो, हे दादांना आत्ता कुठे कळलं आणि फार लाज वाटली.

ते म्हणाले, "उद्या डॉक्टरांकडे येशील माझ्याबरोबर? मला भीती वाटते गं."