नव्या सीटची जीप

पाय चोळणाऱ्या बाईच्या तोंडाकडे कोणी बघत नाही, हे पार्बताबाईला तीन वर्षांत चांगलंच कळलं होतं. त्यामुळे खुशालरावांनी तिच्यासमोर पाटावर पाय ठेवला आणि तिला ओळखलं नाही, याचं तिला नवल वाटलं नाही. तिनं मात्र त्यांना दारातूनच ओळखलं होतं. अकरा वर्षं ज्याचं वाईट चिंतलं त्याची चाल कोणी विसरत नाही.

अकोल्यात एका बंद पडलेल्या जिनिंगच्या गोदामात दर मंगळवारी हा मोफत दवाखाना भरायचा. ज्यांचा विमा नाही, ज्यांचं नाव कुठल्याच योजनेत बसत नाही, अशी माणसं पार तेल्हाऱ्यापासून यायची. डॉक्टर आरतीताई नाडी आणि साखर तर बघायच्याच, पण झोप लागते का, घरात कोणी बोलतं का, मनाला काय खातं, हेही विचारायच्या. साखरेच्या रोग्यांचे पाय असत पार्बताबाईकडे. काशाच्या वाटीनं तळव्यांना तूप घासायचं, घासता घासता बोटांच्या बेचक्यांपर्यंत नीट बघायचं, आणि काही दिसलं तर कागदावर छापलेल्या पावलांवर लाल पेन्सिलीनं खूण करून ताईंना हाक मारायची. फी नव्हती. कार्डावर शेवटी फक्त एक ओळ असायची, 'मी काय देईन'. कोणी गोदाम झाडून द्यायचं, कोणी पडदे शिवून. पार्बताबाईनं आपले हात लिहिले होते.

खुशालराव आता योजनेत बसायला फार मोठे आणि खाजगी दवाखान्याला पुरायला फार लहान झाले होते. निम्मं वावर विकून झालं होतं, मुलगा पुण्यात, आणि विम्याचा हप्ता कोणी भरायचा यावर बापलेकांचं बोलणं बंद. ऐट मात्र जुनीच होती. वाटी काळी पडली की अंगातला आजार निघाला, असं त्यांना वाटत होतं. ते खूश होऊन म्हणाले, अजून घास बाई, निघू दे.

पार्बताबाईचा हात थांबला. डाव्या पायाच्या करंगळीखाली बाभळीचा काटा मोडून बसला होता. भोवती कातडी पांढरी पडून सुजलेली. तिनं बोटानं जरा दाबून पाहिलं. खुशालराव शेजारच्या माणसाशी संत्र्याच्या भावाबद्दल बोलत राहिले. त्यांना काही कळतच नव्हतं.

आणि तिला ती सकाळ आठवली. सहदेव, तिचा नवरा, तेव्हा खुशालरावांकडे वर्षाच्या बोलीवर सालदार होता. भरलेल्या ट्रॉलीचं चाक त्याच्या पायावरून गेलं. अंगणात जीप उभी होती, धुतलेली, झेंडूच्या माळा लावलेली, कारण लेकीच्या साखरपुड्याला अमरावतीहून पाहुणे आणायचे होते. पार्बताबाईनं पदर पसरला. खुशालराव म्हणाले, सीटकव्हर कालच बसवलंय, रक्ताचा डाग जात नाही. जीप निघाली आणि ती फाटकाबाहेर रस्त्यापर्यंत तिच्यामागे धावली. सहदेव निंबाखाली तीन वाजेपर्यंत पडून होता. सरकारी दवाखान्यातला डॉक्टर म्हणाला होता, चार तास आधी आणलं असतं तर पाय वाचला असता.

पार्बताबाईनं खुशालरावांचा उजवा पाय घेतला, तो मन लावून घासला, आणि कागद कोराच ठेवला. आरतीताईंचा तिच्या नजरेवर विश्वास होता. त्यांनी कागद बघितला आणि पुढच्या रोग्याला बोलावलं.

बार्शीटाकळीला घरी पोचेपर्यंत तिच्या पोटात आनंद मावत नव्हता. सहदेव ओट्यावर बसून मेथीच्या जुड्यांवर पाणी शिंपडत होता. तिनं सगळं सांगितलं, काटा, सूज, कोरा कागद. महिन्याभरात त्याचा पाय जाईल, म्हणाली. तिला वाटलं नवरा खूश होईल. त्यानं हातातली जुडी खाली ठेवली.

"बधिर पाय कापला त त्याले काय कळन?" तो म्हणाला. "मले तो पाय चालता पायजे, पार्बते. त्या पायानं तो माह्या दारात आला पायजे."

तिला नवऱ्याचा राग आला आणि रात्रभर झोप लागली नाही. मग तिला उमगलं की सहदेवचा सूड तिच्या सुडाहून मोठा आहे. सकाळच्या पहिल्या गाडीनं ती अकोल्याला गेली. वैऱ्याचा पाय वाचावा म्हणून सगळ्या वाटेत तिनं देवाचं नाव घेतलं, आणि हे करताना स्वतःला शिव्याही घातल्या.

आरतीताई औषधांचा हिशोब करायला गोदामातच आल्या होत्या; त्यांनी तिथल्या तिथे फोन लावून खुशालरावांना बोलावून घेतलं. मग विचारलं, काल दिसलं नव्हतं का, मावशी? पार्बताबाई म्हणाली, दिसलं होतं. ताईंनी तिच्याकडून काशाची वाटी घेतली आणि कपाटात ठेवून कुलूप लावलं. पुढचे दोन महिने ती फरशी पुसत होती. ही शिक्षा तिला रास्त वाटली. खुशालरावांची करंगळी कापावी लागली, पाय राहिला. करंगळीचं तिला वाईट वाटलं नाही. आजही वाटत नाही.

दोन महिन्यांनी खुशालराव आले, जरा लंगडत. काटा कोणी पाहिला ते त्यांना कळलं होतं. पार्बताबाईसमोर उभं राहून त्यांनी हात जोडले आणि आयुष्यात पहिल्यांदा तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं. आरतीताईंनी कार्ड पुढे केलं. शेवटची ओळ रिकामी होती. खुशालराव म्हणाले, माझ्याकडे द्यायला आता काय उरलंय.

"जीप लिहा, ताई," पार्बताबाई म्हणाली. तिच्या हातात फरशीचं फडकं होतं.

"माह्याजवळ जीप हाय, तुले कसं मालूम?"

"मी तिच्या मांगं पयाली होती, मालक. मी सहदेवची बायको."

खुशालरावांचा चेहरा पडला. बाकावरची माणसं वळून बघू लागली. पार्बताबाईला आता काही लपवायचं नव्हतं.

"काटा मी पयल्याच दिवशी पायला होता. गप रायली. करंगळी माह्यापायी गेली. बाकीचा पाय सहदेवनं ठेवायले सांगतला."

खुशालराव रागानं वळले, दारापर्यंत गेले. दाराबाहेर ऊन होतं आणि त्यांना बघणारा दुसरा दवाखाना कुठेच नव्हता. ते परत फिरले, पायाकडे बघत बाकावर बसले. मग आरतीताईंना म्हणाले, लिहा. दर मंगळवारी बार्शीटाकळीकडच्या रोग्यांना आणायचं, असं ठरलं.

पुढच्या मंगळवारी आठ वाजता दारात हॉर्न वाजला. सहदेवनं चहा मागितला. तो सावकाश संपवला आणि दुसरा मागितला. पार्बताबाईनं आलं घालून, नीट उकळून दिला. हॉर्न पुन्हा वाजला नाही.

मग सहदेव कुबड्यांवर बाहेर आला. आदल्या दिवशी वाफ्यांना पाणी दिलं होतं, त्यामुळे त्याच्या उरलेल्या उघड्या पायाला घोट्यापर्यंत काळी माती होती. जीपचं सीटकव्हर आता फाटून त्यातला काथ्या दिसत होता. तो पुढच्या सीटवर आडवा बसला आणि त्यानं पाय बाहेरच ठेवला.

"सीटले डाग पडन, मालक," तो म्हणाला. "पुसून देता काय?"

खुशालरावांनी मागे बसलेल्या पार्बताबाईकडे पाहिलं. तिनं नजर हलवली नाही. ते उतरले, लंगडत जीपला वळसा घालून आले, खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि वाकले.

"बोटांच्या मधातबी पुसा," पार्बताबाई म्हणाली.