उस्मानाबादचा उंट

त्या साली औशातली आमची विहीर इतकी आटली, की बेडकं घागरी घेऊन टँकरच्या रांगेत उभी राहिली आणि त्यातलं एक माझ्यापुढं घुसलं. एरवी हे ऐकून लोक हसायचे. त्या साली कुणी हसलं नाही. मीही आपलं सांगायचं म्हणून सांगत होतो.

सरस्वतीबाई नावाच्या रिटायर मास्तरणीनं बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडात शाळा काढली होती. कुठल्याच शाळेत न टिकलेली नऊ पोरं-पोरी. गाव तिला येड्यांची शाळा म्हणायचं. मी तिथं पाणी भरायचो आणि उरल्या वेळात थापा मारायचो.

"भुजंगराव," बाई म्हणाल्या, "थापा वाया घालवू नका. अक्षरांना लावा."

पंचफुला चौदाची. आधीच्या शाळेत मास्तराच्या हाताला चावली होती. फळ्यावरचं अक्षर तिच्या डोळ्यात गेलं की उलटं व्हायचं. रागवा, चुचकारा, चेहरा हलायचा नाही. तिची मावशी केवळाबाई दुष्काळी कामावर खडी फोडायची. शिक्षण खात्याचे साहेब तपासणीला येणार होते. ज्याला स्वतःचा नावपत्ता लिहिता येणार नाही, त्याचं नाव शाळेतून कमी.

मावशीनं हातोडी आणूनच ठेवली होती. "ल्हानी हाय, पोरीच्या हाताला बसल," ती मला म्हणाली. राग नव्हता त्यात, काहीच नव्हतं.

मी लागलो कामाला. उ म्हणजे बसलेला उंट. स उपासानं अर्धा झाला, म्हणून म ला टेकला. ब नं सुई गिळली, ती पोटात तिरकी दिसते. आठ महिने गेले. मग एका सकाळी पंचफुलानं पाटीवर न चुकता लिहिलं : जि. उस्मानाबाद.

आणि श्रावणात आमचा जिल्हाच बदलला. लातूर नवा जिल्हा झाला, औसा त्यात गेलं. बँड वाजला, पेढे वाटले.

"बरंच झालं की," बाई म्हणाल्या. "तीनच अक्षरं."

पंचफुलानं माझ्याकडं बघितलं. "मंग उंट कुठं गेला?"

मी घागर उचलली आणि थाप न मारता रांगेला गेलो. जन्मात पहिल्यांदा.

दिवाळीनंतर साहेब जीपनं आले. पंचफुलानं नाव लिहिलं, तालुका लिहिला, जि. उस्मानाबाद लिहिलं.

"जिल्हा चुकला. लातूर लिही."

तिनं पाटी पुसली आणि परत उस्मानाबाद लिहिलं.

साहेब वाईट माणूस नव्हते. थकले होते. कागदावर त्यांनी 'नाव कमी करावे' लिहिलं, सही केली, पिशवीतून शिक्का काढून दाबला. पंचफुलानं मान वाकडी करून ओल्या शाईजवळ बोट नेलं.

"उंट," ती म्हणाली. मग सावकाश, "उस्मानाबाद."

दुसऱ्यानं उमटवलेलं अक्षर तिनं वाचलं ते पहिलंच.

मी म्हणालो, "साहेब, तुमचाबी जिल्हा चुकला की."

"नवा शिक्का आला नाही अजून," साहेब चिडून म्हणाले. "सवय मोडायला वेळ लागतो सरकारला. येईल महिन्याभरात."

"मंग तिचाबी येईल महिन्याभरात."

ही थाप नव्हती. साहेबांनी शिक्क्याकडं बघितलं, पोरीकडं बघितलं. कागद फाडला. नव्यावर लिहिलं : 'नवीन शिक्का आल्यावर फेरतपासणी.' आणि त्यावर जुनाच शिक्का मारला.

नवा शिक्का आमच्याकडं दीड वर्ष पोचला नाही. साहेबही नाहीत. केवळाबाईनं हातोडी शेजारणीला देऊन टाकली.

पंचफुला रोज येऊन बसते. मी ल ला बैलाचं तोंड लावून बघितलं, र ला लंगडं केलं. ती ऐकते, हसत नाही. मग पाटीवर लातूर लिहिते, आणि शेजारी एक बसलेला उंट.

"त्यालाबी राहू द्या," म्हणते.

मी पाणी आणायला जातो. रांग मोठी असते.