विनवण्यांच्या पेटीला सहा खिळे

बिशपसाहेब, माझ्या तोंडावर पत्रा ठोकायचा हुकूम तुम्ही दिलात. कागदावर सही तुमची आहे. वर क्रूस छापलेला आहे, खाली शिक्का आहे आणि मध्ये कारण लिहिलंय, 'दुरुस्तीसाठी'. मला काहीही झालेलं नव्हतं. तुम्ही खोटं लिहिलंत, आणि तेही देवाच्या घरच्या कागदावर. एवढं आधी सांगून टाकते. मग माझी कहाणी.

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पेटी आहे. दीड हात उंच, हातभर रुंद. वर चिठ्ठी जाईल एवढी फट, मागे छोटं दार, दाराला पितळी कुलूप. चर्चच्या मोठ्या दारातून आत आलं की डाव्या हाताला पवित्र पाण्याचं भांडं आणि त्याच्या शेजारी मी. माझ्यावर पांढऱ्या रंगाने लिहिलं होतं, 'विनवण्या'. ज्याला देवाकडे काही मागायचं असेल त्याने ते कागदावर लिहून माझ्यात टाकायचं. रविवारच्या मिसेत, म्हणजे सगळ्यांच्या एकत्र उपासनेत, प्रवचन संपलं की त्या चिठ्ठ्या माइकवर वाचायच्या, आणि प्रत्येक चिठ्ठीनंतर सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं, 'प्रभू, आमची विनवणी ऐक.' यात अवघड काही नव्हतं. अवघड तुम्ही केलंत.

मला घडवलं एका सुताराने, चर्चच्याच मोडलेल्या बाकांमधून. निम्मं लाकूड पहिल्या बाकाचं आणि निम्मं शेवटच्या. पहिल्या बाकावर गोरी, मोठ्या घरांतली माणसं बसायची. शेवटच्या बाकांवर वस्तीतली काळी माणसं. असा नियम कुठेही लिहिलेला नव्हता. दाराशी उभा असलेला माणूस हसून म्हणायचा, "मागे जागा आहे हं," आणि वस्तीतल्या माणसाला ते बरोबर कळायचं. सुताराने ही दोन लाकडं जोडायचा फार प्रयत्न केला. शेवटी म्हणाला, "ही एकमेकांत बसत नाहीत. तळाला नखभर फट राहणार. चालवून घ्या." लोकांनी चालवून घेतलं. त्या फटीत कधीमधी एखादी चिठ्ठी अडकून बसायची, हलवली तरी वाजायची नाही. ही फट लक्षात ठेवा.

माझी उमेदीची वर्षं बरी गेली. गुडघेदुखी, परीक्षा, नवऱ्याची दारू, हरवलेली बकरी, सगळं माझ्या पोटात आलं. शनिवारी दुपारी वेदीमागच्या खोलीत मला उघडायचे. वाचायला शाळेतल्या बाई आणि मदतीला घंटा वाजवणारे काका. चिठ्ठ्यांचे तीन ढीग व्हायचे. वाचायच्या, फादरांना दाखवायच्या आणि जाळायच्या. प्रार्थना केरात टाकायची नाही, म्हणून जाळायची. काका त्या चिठ्ठ्या पत्र्याच्या डब्यात जाळत आणि म्हणत, "या लवकर पोचतात. वाचलेल्या फक्त लाउडस्पीकरपर्यंत जातात."

एका सुनेने एकदा लिहिलं, 'माझ्या सासूला लवकर स्वर्गात ने.' बाईंनी रविवारी ते 'आमच्यातल्या वृद्धांसाठी' असं करून वाचलं. सासू पहिल्या बाकावर होती. तीच सगळ्यांत मोठ्याने म्हणाली, 'प्रभू, आमची विनवणी ऐक.' तेव्हा मी मनात हसले होते. लोक काय मागतोय ते न ऐकताच 'ऐक' म्हणतात, हे मला त्या दिवशी कळलं. त्याचं पुढे काय होणार आहे हे नव्हतं कळलं.

माझं कौतुकही झालं. तुम्ही एकदा पाहुणे म्हणून आला होतात. माझ्यावर हात ठेवून म्हणालात, "ही पेटी म्हणजे या चर्चचं हृदय." टाळ्या पडल्या. आठवतं? नसेल आठवत. हात मात्र तोच होता, सही करणारा.

त्याच सुमारास वस्तीतल्या एका लहान मुलीने चिठ्ठी टाकली. अक्षर वाकडंतिकडं. 'देवा, मला शाळेच्या नाटकात देवदूत कर. बाई म्हणतात काळा देवदूत शोभत नाही.' शनिवारी ती चिठ्ठी बाईंच्याच हातात आली. त्यांनी दोनदा वाचली. कुठल्याच ढिगात ठेवली नाही, घडी करून आपल्या प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवली. पण पुढच्या वर्षीही ती मुलगी नाटकात मेंढीच झाली. वाईट वाटणं आणि सुधारणं यांत फरक असतो मित्रांनो, तो मी त्या खोलीत शिकले.

ती मुलगी मोठी झाली आणि इस्त्रीवाली झाली. वेदीवरची पांढरी कापडं धुऊन, इस्त्री करून आणायची तीच. तिला आई नव्हती, बाप नव्हता. एक धाकटा भाऊ, तो तिने वाढवला. तो गवंडी झाला. या चर्चच्या मागच्या भिंतीला गिलावा त्यानेच केलाय.

मग निवडणूक आली आणि वस्ती हलवायचं ठरलं. पाडायला यंत्र आलं तेव्हा गवंडी त्याच्यासमोर उभा राहिला. त्याला चौकीत नेलं. तिसऱ्या दिवशी त्याचं शरीर परत दिलं. कागदात लिहिलं होतं, हृदय बंद पडलं. मेल्यावर सगळ्यांचंच पडतं. तेवढ्यापुरता कागद खरा होता.

पहिल्याच आठवड्यात इस्त्रीवालीची चिठ्ठी माझ्यात पडली. 'माझ्या धाकट्या भावासाठी. तो गवंडी होता. त्याला चौकीत मारलं. मारणाऱ्यांना, ते कबूल करेपर्यंत, झोप लागू नये.'

शनिवारी बाईंनी ती फादरांपुढे ठेवली. फादर तरुण होते, वाईट नव्हते. दमलेले होते.

"पहिली दोन वाक्यं ठीक आहेत," ते म्हणाले. "तिसरं काढू. चौथं तर शापच आहे."

"म्हणजे तो गवंडी होता, एवढंच देवाला कळवायचं," बाई म्हणाल्या.

"बाई, चर्चमध्ये राजकारण नको."

काका डब्यातली राख हलवत होते. "मागच्या महिन्यात आपण निवडणूक नीट पार पडावी म्हणून प्रार्थना केली. ते काय होतं फादर, हवामान?"

"काका, तुम्ही तरी नका. तिसऱ्या बाकावर फौजदारसाहेब बसतात. त्यांच्याखालचे आणखी तिघे मिसेला येतात. आपली शाळा आहे, दवाखाना आहे. कोण कुठला कागद अडवून ठेवेल सांगता येतं का?"

"मला विचारा ना," दारातून आवाज आला. इस्त्रीवाली घड्या केलेली कापडं घेऊन उभी होती. "चिठ्ठी माझी आहे. मी इथेच आहे."

फादर उठून उभे राहिले. "हे बघ ताई, तुझं दुःख मला कळतं. 'अकाली निधन झालेल्या एका बंधूसाठी' असं म्हणू. दोन शब्द बदलले तर काय बिघडतं?"

तिने कापडं टेबलावर ठेवली. "फादर, या कापडावर प्रभूच्या रक्ताचा, वेदीवरच्या द्राक्षारसाचा, थेंब पडला तर त्याचं पहिलं पाणी मोरीत ओतायचं नाही, मातीत जिरवायचं, हे तुम्हीच मला शिकवलंत. मी अजून तसंच करते. माझ्या भावाचं रक्त चौकीच्या मोरीतून गेलं. आता निदान शब्द तरी धुऊ नका."

"आणि ते झोपेचं? कुणाचं वाईट चिंतावं का?"

"वाईट कुठे चिंतलं? कबूल करा एवढंच म्हणते. शेजारणीवर चिडले तर मी तुमच्यासमोर गुडघे टेकून कबूल करते, तेव्हा कुठे माफी मिळते. माणूस मारणाऱ्यांना काय, मिसेत नुसते हात मिळवून शांती द्यायची? त्यांचा धर्म वेगळा आहे का?"

 फादरांनी लाल पेन्सिल उचलली आणि चौकी खोडली. "मग वाचूच नका," ती म्हणाली आणि गेली.

पुढच्या आठवड्यात तीच चिठ्ठी परत आली. त्याच्या पुढच्या आठवड्यातही. तेच चार वाक्यांचं मागणं, तेच अक्षर. अकरा शनिवार लाल पेन्सिल फिरली आणि अकरा चिठ्ठ्या काकांच्या डब्यात जळल्या. अकराव्या वेळी काकांनी विनोद केला नाही.

बाराव्या रविवारी बाई माइकपुढे गेल्या. मी दाराशी, मला सगळ्यांच्या पाठी दिसतात. बाईंनी आजाऱ्यांसाठी वाचलं. लोक म्हणाले, 'प्रभू, आमची विनवणी ऐक.' परीक्षेला बसलेल्यांसाठी वाचलं. 'प्रभू, आमची विनवणी ऐक.' मग त्याच आवाजात, त्याच चालीत, काही न वगळता त्यांनी वाचलं, "माझ्या धाकट्या भावासाठी. तो गवंडी होता. त्याला चौकीत मारलं. मारणाऱ्यांना, ते कबूल करेपर्यंत, झोप लागू नये."

आणि चारशे तोंडांनी, रोजच्या सवयीने, एका सुरात म्हटलं, 'प्रभू, आमची विनवणी ऐक.'

शब्द छताला लागून खाली यायच्या आत लोकांना कळलं आपण काय म्हटलं ते. तिसऱ्या बाकावरची पाठ ताठ झाली. तोही म्हणाला होता. त्याची बायकोही म्हणाली होती. फादरही म्हणाले होते. एवढ्या माणसांत एकटी इस्त्रीवाली तेवढी म्हणाली नव्हती. ती माझ्याशेजारी उभी होती, तिचा आवाज फुटला नव्हता. त्या शांततेत मग ती एकटी हळू म्हणाली, 'प्रभू, आमची विनवणी ऐक.'

मिसा सुटल्यावर दाराशी गर्दी झाली. पहिल्या बाकावरची एक बाई म्हणाली, "फसवलं आम्हाला. कळलं असतं तर म्हटलंच नसतं."

"मग आधीच्या कळल्या होत्या का?" काकांनी विचारलं.

माणसं पांगल्यावर शाळेतल्या बाई माझ्याजवळ आल्या. इस्त्रीवालीला म्हणाल्या, "तुझी एक चिठ्ठी माझ्याकडे आहे. तीस वर्षं झाली."

"माहीत आहे बाई. तुम्हीच उघडणार म्हणून तर टाकली होती."

"तरी मी तुला मेंढीच केलं."

"हो ना. लोकर फार टोचायची."

बाईंनी तिचा हात धरला. माफी मागितली की नाही मला ऐकू आलं नाही, कारण त्या रडत होत्या.

दुसऱ्या दिवशी बाईंकडून माझी किल्ली काढून घेतली. "वरून आलंय," फादर म्हणाले. खाली बघत म्हणाले. किल्ली पाकिटात घालून तुमच्याकडे पाठवली. त्या शनिवारी मला कोणीच उघडलं नाही. रविवारी विनवण्या छापील कागदावरून वाचल्या. कशासाठी होत्या, मला सांगता येणार नाही. सगळ्यांसाठी होत्या, म्हणजे कुणासाठीच नव्हत्या.

त्याच रविवारी, भर दुपारी, चर्च रिकामं असताना एक माणूस आला. बराच वेळ पापनिवेदनाच्या जाळीकडे बघत उभा राहिला. तिकडे गेला नाही. माझ्याकडे आला आणि एक चिठ्ठी माझ्यात सोडली. कागद तिरका पडला आणि तळाच्या फटीत जाऊन रुतला.

सोमवारी तुमचा हुकूम घेऊन एक नवा सुतार आला. त्याने मला उचलून हलवलं. काही वाजलं नाही. "रिकामी आहे," तो म्हणाला आणि पत्र्याची पट्टी ठेवून ठोकायला लागला. तीन खिळे या बाजूला, तीन त्या बाजूला. मी रिकामी नव्हते. मला तोंड असतं तर सांगितलं असतं. होतं तेच तर बंद करत होते.

मित्रांनो, आता मी मागच्या अडगळीच्या खोलीत आहे. मेणबत्त्यांची बुडखी, मोडका पंखा, नाटकातले कागदी पंख आणि मी. इस्त्रीचं टेबलही याच खोलीत आहे. दर शुक्रवारी इस्त्रीवाली येते, कापडांवर पाणी शिंपडते, इस्त्री करते आणि घड्या माझ्यावर रचते. ती आता मिसेत 'ऐक' म्हणत नाही, काकांनी विचारलं तेव्हा तिने सांगितलं. "किती वेळा सांगायचं, काका? ऐकणाऱ्याला एकदा पुरतं. पण वरून काही उत्तर नाही."

उत्तर आलेलं आहे. तिच्या हाताखाली एक वीत अंतरावर आहे. त्या चिठ्ठीत दोन वाक्यं आहेत. 'त्या दिवशी मी चौकीत होतो. मला झोप लागत नाही.'

चौकीतली चार माणसं या चर्चमध्ये येतात. त्यांतला हात कुणाचा, ते मी सांगणार नाही. पेटीलाही काही धर्म असतो. पण तुम्ही गुपिताचा आडोसा घेऊ नका. गुपित ठेवायचं असतं तर तो जाळीमागे गेला असता, तिथे सांगितलेलं बाहेर येत नाही. तो माझ्याकडे आला. माझ्यात टाकलेलं माइकवर वाचतात, हे इथल्या पोरासोरांनाही माहीत आहे. त्याला ते चारशे लोकांपुढे वाचून हवं होतं. स्वतः उभं राहायचं धैर्य नव्हतं, म्हणून तो कागदाला उभं करून गेला. आणि तुम्ही त्या कागदावर खिळे ठोकलेत.

जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, मुलांनो, आम्हाला जपा, धूळ पुसा, तेलपाणी करा. मी दमलेय, मला काही नको. रंग नको, जुनी जागा नको, हृदय वगैरे तर मुळीच म्हणू नका. मला वाळवी लागलीय. ती तळाच्या फटीपासून फार लांब नाही. लाकूड खाऊन झालं की ती कागद खाईल. तिला कुणाच्या सहीची गरज लागत नाही.

चारशे माणसांनी 'ऐक' म्हटलं आणि ज्याला म्हटलं त्याने ऐकलं. राहिलात तुम्ही. किल्ली तुमच्या पाकिटात आहे, इस्त्रीवाली दर शुक्रवारी इथे उभी असते आणि एक माणूस या गावात जागा आहे.

मला कधी उघडताय? तारीख सांगा.