रऊफसाहेबांची साफसफाई

अलेक्झांड्रियात मन्शिया चौकामागे रऊफ इंजिनियरांचं छोटंसं ऑफिस होतं आणि तिथे त्यांचाच शब्द चाले. जुन्या डिस्कवरच्या फायली नव्या डिस्कवर हलवणारा प्रोग्रॅम त्यांनी स्वतः लिहिला होता. विंडोजवर चालतो, लिनक्सवरही चालतो, म्हणून मान कायम ताठ. फायलीचा पत्ता, म्हणजे तिचं नाव आणि जागा, त्यांनी सगळीकडे साधा मजकूर म्हणून धरला होता. एखादं अक्षर वाचता आलं नाही की प्रोग्रॅम तिथे प्रश्नचिन्ह टाकून मोकळा. याला ते साफसफाई म्हणत. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय!

त्या दुपारी बंदरावरचे निवृत्त क्रेनवाले मेतवल्लीकाका समोर बसले होते. त्यांची बायको इनसाफ रमजानच्या आधी वारली. तिचा आवाज एका जुन्या डिस्कवर होता आणि ती डिस्क कटकट करत शेवटच्या घटका मोजत होती. दुसरी प्रत कुठेच नव्हती.

"झालं काका, सगळं आलं. ऐका आता," रऊफ म्हणाले.

नव्या डिस्कवर मोजक्याच फायली दिसत होत्या. पहिलीतून भाच्याच्या लग्नातला ढोल वाजला. दुसरीत कुणीतरी मासळीचा भाव करत होतं. बाकीच्याही ऐकून झाल्या.

"माझी बाई कुठेय, बाशमुहंदिस?" काकांनी इंजिनियरसाहेबांना विचारलं.

रऊफनी फायलींची यादी पुन्हा वर-खाली केली. शेजारच्या टेबलावरून दलाल नावाची मुलगी उठली. ऑफिसात नवी, पण जिभेला धार.

"ही नावं जुन्या पद्धतीच्या अरबीत साठवलेली आहेत. आपल्या प्रोग्रॅमला ती वाचता येईनात, म्हणून त्याने प्रत्येक अक्षराचं प्रश्नचिन्ह केलं. सारख्या लांबीची नावं एकसारखी झाली आणि एका फायलीच्या डोक्यावर दुसरी बसली. शेवटची तेवढी उरली."

"अगं, पण नाव म्हणजे अक्षरंच ना?"

"तुमच्या-माझ्यासाठी. लिनक्सला ते नुसते आकडे, आणि विंडोजची तऱ्हा आणखी निराळी. पत्त्यासाठी प्रोग्रॅमिंगच्या भाषेतच वेगळा प्रकार आहे, तो घ्या. सिस्टिमने जे दिलं ते तसंच ठेवायचं. पडद्यावर दाखवायला हवा तर मजकूर करा, पण तो पुन्हा पत्ता म्हणून वापरायचा नाही."

"सगळा प्रोग्रॅम उसवावा लागेल!"

"उसवा मग. डिस्क काही तुमचा मान राखायला थांबणार नाही."

रऊफना हे झोंबलं. पण काका चहाला हात न लावता जुन्या डिस्ककडे बघत होते, आणि ते बघून रऊफना स्वतःचीच लाज वाटली. त्यांनी डिस्क बंद केली, खुर्ची ओढून दलालशेजारी बसले आणि आपलाच प्रोग्रॅम मुकाट्याने उसवायला घेतला. काका तिथेच, भिंतीकडे तोंड करून अस्रची, दुपार कलल्यावरची, नमाज पढले.

संध्याकाळी डिस्क पुन्हा चालू केली. ती कण्हली, अडकली, पुन्हा फिरली. शेवटची फाईल आली आणि थोड्या वेळात डिस्क कायमची गप्प झाली. पडद्यावरची नावं अजूनही प्रश्नचिन्हांनी भरलेली होती, पण या वेळी फायली भरपूर होत्या.

"यातली कुठली?" काकांनी विचारलं.

"एकेक लावू," रऊफ म्हणाले. आवाज अगदी मऊ झाला होता त्यांचा.

ढोल वाजला. मासळीवाला बोलला. मग कुठल्याशा स्वयंपाकघरात भांडं आपटलं.

"मेतवल्ली! तो डबा बंद कर आधी! मुलुखियाची पालेभाजी उतू चाललीय इथे, आणि हा बसलाय रेकॉर्ड करत!"

"आलो गं, आलो," म्हणत काका खुर्चीतून उठून उभेसुद्धा राहिले.